काजूच्या सालीचा काढा आणि टरफलाचं तेल: कॅरिबियनमधलं गावठी औषध नेमकं काम कसं करतं

लहानपणी मे महिन्यात आजोळी कुडाळला गेलं की आम्हा पोरांचा एकच धंदा, काजूच्या बिया गोळा करायच्या, तीन दगड मांडून पत्र्यावर भाजायच्या आणि काळ्याकुट्ट बोटांनी फोडून खायच्या. एका वर्षी मला दम निघाला नाही, ओली बी तशीच दातानं फोडली, आणि दोन दिवसांनी ओठ आणि हनुवटी अशी उतली की आरशात बघवेना. आजी म्हणाली, "चेडवा, बियो दातान फोडतत काय गो?" आणि खोबरेल फासून गप बसवलं. गंमत म्हणजे तीच आजी स्वतःच्या टाचांच्या भेगांना त्याच टरफलाचं तेल लावायची, काडीनं, अगदी थेंबभर, भेगेच्या आतच जाईल असं. मला उतवलं ते तिला बरं कसं करतं हे मी तेव्हा विचारलं नाही, विचारलं असतं तरी उत्तर "तसाच असता" एवढंच मिळालं असतं.

खूप वर्षांनी कॅरिबियन बेटांवरच्या घरगुती औषधांबद्दल वाचत होते आणि तिथे हेच सगळं सापडलं. भेगांना टरफलाचं तेल, चामखिळीला टरफलाचं तेल, जुलाब लागले की खोडाच्या सालीचा काढा, घसा धरला की बोंडाचा रस. आणि मग मी जरा खोलात शिरले, कारण एकाच झाडाचा एक भाग जुलाब थांबवतो आणि दुसरा भाग कातडी सोलून काढतो हे नुसतं "औषधी वनस्पती आहे" म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. तर जे समजलं ते इथे सोपं करून सांगते. केमिस्ट्री थोडी येईल, पण आपल्या जिभेला आणि कातडीला माहीत असलेलीच.

आधी झाडाबद्दल दोन शब्द. काजू आपला नाही, आणि तसा तो कॅरिबियनचाही नाही. मूळ ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याचा. तिथले तुपी लोक त्याला अकाजू म्हणायचे, पोर्तुगीजांनी त्याचं काजू केलं आणि आपण पोर्तुगीजांकडून नाव आणि झाड दोन्ही घेतलं. आंद्रे थेवे नावाच्या एका फ्रेंच पाद्र्यानं १५५८ च्या सुमारास या झाडाचं वर्णन चित्रासकट युरोपात छापलं. कॅरिबियनमध्ये जागोजागी नाव वेगळं. जमैका, त्रिनिदाद, बेलीझ इथे इंग्रजीतलं कॅश्यू, क्युबात मारान्योन, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये काहुइल, पोर्तो रिकोत पाहुइल, आणि हैती, ग्वादलूप, मार्टिनिक या फ्रेंच वळणाच्या बेटांवर पोम काजू. फ्रेंच लिखाण वाचताना एक घोटाळा मात्र होतो, त्यांच्याकडे अकाजू म्हणजे महोगनी, आणि महोगनीची सालही तिथे काढ्यात वापरतात, त्यामुळे जुन्या कागदात "अकाजूची साल" दिसली की काजू समजून उडी मारायची नाही. मी मारली होती.

कोकण-गोव्याबाहेरच्या लोकांसाठी एवढंच सांगते की आपण जो काजू खातो तो, ज्याला फळ समजतो त्याच्या आत नसतो. वर लाल किंवा पिवळं रसाळ बोंड असतं, ते खरं तर देठच, फुगलेला. त्याच्या टोकाला खाली किडनीच्या आकाराची बी लटकते, आणि त्या बीचं टरफल दोन पदरी असतं. या दोन पदरांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यात ते तपकिरी, चिकट, जहाल तेल. टरफलाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तरी तेलच असतं. झाडानं आपलं बी वाचवायला केलेली ती सोय आहे, खाणाऱ्याचं तोंड जाळणारी. पोपट नि वटवाघळं बोंड खातात आणि बी टाकून देतात, अक्कल आमच्यासारख्या पोरांनाच नसते.

म्हणजे औषधाच्या हिशेबानं या झाडात दोन वेगवेगळी दुकानं आहेत. एक तुरट दुकान: साल, पानं आणि बोंडाचा रस. दुसरं जाळणारं दुकान: टरफलाचं तेल. कॅरिबियनमधले जवळजवळ सगळे घरगुती उपाय या दोनांतल्या एका दुकानातून येतात. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

पण हे उपाय करतं कोण, आणि का, हेही बघायला हवं. जमैकात सकाळी कुठलाही पाला उकळून प्यायला की त्याला "टी"च म्हणतात, बुश टी, म्हणजे रानातल्या पाल्याचा चहा. हैतीत पाल्यानं बरं करणाऱ्याला दोक्ते फेय म्हणतात, शब्दशः पानांचा डॉक्टर. या बेटांवर उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती, आजारी पडली तर मालकाचा डॉक्टर येईलच याची खात्री नाही, आणि आला तर त्या काळातला डॉक्टर म्हणजे रक्त काढणं आणि पारा देणं, त्यामुळे न आलेलाच बरा. मग लोकांनी स्वतःच सोय केली, आफ्रिकेतून डोक्यात घेऊन आलेलं ज्ञान, बेटांवरच्या मूळच्या लोकांकडून शिकलेली झाडं आणि युरोपातून आलेल्या चार गोष्टी, सगळं एका भांड्यात उकळलं. म्हणून आज एखादी बाई परसातल्या काजूची साल तासून काढा करते तेव्हा तो नुसता "नॅचरल" वगैरे फॅडचा भाग नसतो, दवाखाना लांब आणि पैसा कमी या जुन्या हिशेबातूनच तो आलेला असतो.

या घरगुती ज्ञानाची नीट नोंद करायचं एक काम तिथे १९८२ पासून चालू आहे, त्रामील नावाचं नेटवर्क. त्यांची पद्धत मला फार आवडली. ते वैद्याला किंवा "जाणकार बुजुर्गां"ना विचारत बसत नाहीत, घरातल्या बायकांना विचारतात की पोराला जुलाब लागले तर तुम्ही सगळ्यात आधी काय करता. कुठलं झाड, त्याचा कुठला भाग, उकळून की वाटून, पोटात की बाहेरून, असं सगळं. आणि एखादा उपाय २० टक्के किंवा त्याहून जास्त घरांमध्ये निघाला तरच तो पुढे शास्त्रज्ञांपुढे तपासायला जातो. मग ते लोक केमिस्ट्री बघतात, विषारीपणा बघतात आणि ठरवतात की हा उपाय शिफारस करण्यासारखा आहे, विषारी आहे, की अजून तपास हवा. इथे महत्त्वाचं काय तर नोंद झाडाची नसते, झाडाच्या भागाची असते. "काजू गुणकारी" असं वाक्य त्या पद्धतीत बसतच नाही, साल कशाला, पान कशाला, तेल कशाला हे वेगवेगळं लिहावं लागतं.

आता पहिलं दुकान, तुरट.

क्युबात एक म्हणीसारखं वाक्य प्रचारात आहे, मारान्योन तोंड आवळतं. बोंड खाल्लेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. जीभ सुकते, गालफडं आत ओढल्यासारखी होतात, घशात खवखवतं. हे करतं टॅनिन. आवळा, हिरडा, कच्ची सुपारी, डाळिंबाची साल, कोरा कडक चहा, सगळ्यांत तेच किंवा त्याचे भाऊबंद. टॅनिनचा स्वभाव एकच, प्रोटीन दिसलं की त्याला मिठी मारायची. आपल्या लाळेत प्रोटीन असतं, त्यामुळेच तोंड बुळबुळीत राहतं, टॅनिननं ते प्रोटीन बांधून टाकलं की बुळबुळीतपणा गेला आणि कोरडं घर्षण उरलं, त्यालाच आपण तुरट म्हणतो. चामडं कमावतात तेही याच मिठीवर, जनावराच्या कातडीतलं प्रोटीन टॅनिननं बांधून घट्ट करायचं म्हणजे ते सडत नाही. काजूची सालही कातडी कमवायला वापरतात, उगाच नाही.

आता हेच आतड्यात कल्पून बघा. जुलाब लागलेले असतात तेव्हा आतड्याचं अस्तर सुजलेलं, चिडलेलं असतं आणि त्यातून पाणी झिरपत असतं. टॅनिन तिथे जाऊन पृष्ठभागावरच्या प्रोटीनला चिकटतं, एक पातळ साय धरल्यासारखं होतं, अस्तराला जरा आवळ बसतो आणि पाण्याचं झिरपणं कमी होतं. म्हणजे टॅनिन जंतू मारून जुलाब थांबवतं असं नसून मुख्यतः गळती रोखतं. आपल्याकडे डाळिंबाची साल उकळून देतात ते याच तत्त्वावर. आणि हे फक्त आजीबाईंचं खातं नाही, टॅनिन आणि जिलेटिन जोडून केलेलं जुलाबाचं औषध युरोपात मेडिकलमध्ये मिळतं.

तर कॅरिबियनमध्ये सालीचा काढा जोराच्या जुलाबाला देतात, आणि तोंडात पांढरा बुरशीचा थर आला, तोंड आलं, घसा सुजला तर त्याच काढ्यानं चूळ भरतात. क्युबात बोंडाचा रस, त्यातला तुरटपणा न काढता, घसा दुखण्यावर आणि जुन्या आवेवर देतात. हा "तुरटपणा न काढता" मुद्दा बघा. सरबत करायचं असेल तर लोक मुद्दाम टॅनिन काढतात, उकळून, गाळून, मीठ घालून, ज्याची त्याची रीत. औषध म्हणून द्यायचा असेल तर तो तसाच ठेवतात. म्हणजे काय उपयोगाचं आहे ते नाव माहीत नसताना जिभेनं ओळखलं होतं. मला हे त्या सगळ्या मटेरियलमधलं सगळ्यात सुंदर वाटलं.

भाजल्यावर किंवा कातडीच्या तक्रारींवर जुनी जून पानं लावायचीही रीत आहे, कोवळी नाहीत, जून. याच्यावर हसू नका, कारण १९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसन नावाच्या सर्जननं भाजलेल्या जखमांवर टॅनिक अ‍ॅसिड लावायची पद्धत आणली आणि पुढची १५ एक वर्षं ती जगभरच्या हॉस्पिटलांमध्ये चालली. टॅनिननं जखमेवर घट्ट पापुद्रा यायचा, पाणी झिरपणं थांबायचं, पेशंट वाचायचे. नंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लक्षात आलं की मोठ्या जखमेतून टॅनिक अ‍ॅसिड रक्तात शोषलं जातं आणि लिव्हरची वाट लावतं, मग ती पद्धत बंद पडली. म्हणजे पानाचा उपाय "चुकीचा" नव्हता, हॉस्पिटलनं तोच मोठ्या डोसमध्ये केला आणि त्याचा तोटाही मोठ्या डोसमध्येच कळला.

बोंडात व्हिटॅमिन सी संत्र्याच्या चार-पाच पट असतं हेही आहेच. रसानं लघवी सुटते असा अनुभव तिथे सांगतात. क्युबात झाडाचा डिंक सर्दीवर घेतात. आणि बोंडाच्या रसापासून गाळलेली दारू संधिवाताच्या आणि शिरेच्या दुखण्यावर चोळायची, हे वाचल्यावर गोव्याचा माणूस म्हणेल यात नवीन काय. फेणी आपल्याकडे छातीला चोळतात, सर्दीला साखर जाळून त्यात घालून देतात, दाढ दुखली की कापसाचा बोळा. काजूच्या फेणीला २००९ साली जीआय टॅग मिळाला तो दारू म्हणून, पण गोव्यातल्या कित्येक घरांत ती औषधाच्या कपाटात असते, निदान तसं सांगून ठेवलेली असते. बेलीझमध्ये क्रुकेड ट्री नावाचं एक क्रिओल गाव आहे, तिथे मे महिन्यात काजूचा उत्सव भरतो आणि काजूची वाइन मिळते. मे महिना, बोंडांचा वास, दारू, अगदी आपल्याच गावच्या जत्रेसारखं.

आता दुसरं दुकान. इथे जरा सांभाळून.

टरफलाच्या तेलातला मुख्य माल म्हणजे अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड, त्याच्या जोडीला कार्डोल. अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड कसं दिसतं ते सांगते. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तुम्हाला माहीत आहे, पायाला कुरूप झालं की मेडिकलमधून ती गोल पट्टी आणतो, कॉर्न कॅप, त्यात तेच असतं, ते कडक कातडी मऊ करून हळूहळू सोलून काढतं. आता त्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडला कार्बनच्या १५ मण्यांची लांब शेपटी लावा, झालं अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड. शेपटी तेलकट असते त्यामुळे हा रेणू कातडीच्या तेलकट थरातून सहज आत घुसतो. थोडक्यात, कॉर्न कॅपचा दांडगा चुलतभाऊ. कॅरिबियनमध्ये हे तेल कुरुपांवर, चामखिळींवर, गजकर्णावर, बऱ्या न होणाऱ्या जखमांवर आणि पायाच्या भेगांवर लावत आले. अनवाणी राबणाऱ्या माणसांच्या पायांचं दुखणं हा त्या मळ्यांवर केवढा मोठा प्रश्न असेल याची कल्पना आपल्या शेतकऱ्यांना वेगळी द्यायला नको.

जंतूंबद्दलही थोडं. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात इसाओ कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काजूतली अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिडं वेगळी काढून जंतूंवर तपासली. दात किडवणारा जंतू आणि मुरमांचा जंतू या दोघांवर त्यांचा जोरदार परिणाम दिसला. दाढेच्या खड्ड्यात टरफलाच्या तेलाचा कण ठेवायचा उपाय काही ठिकाणी करतात, त्याला इथे एक दुवा मिळतो. पण प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मरणं आणि तोंडात तेल ठेवणं यात माझ्या उतलेल्या ओठांएवढं अंतर आहे, हे मी स्वानुभवानं सांगते.

आता १८ व्या शतकातली एक हकीकत सांगते, वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. वेस्ट इंडीजमध्ये मळेवाल्या गोऱ्या कुटुंबांतल्या काही बायका उन्हानं चेहरा काळवंडला, वांग आले की काजूच्या टरफलाचं तेल चेहऱ्याला लावायच्या. चेहरा सुजायचा, काळा पडायचा, मग काही दिवसांनी सबंध चेहऱ्याची कातडी सुटून यायची आणि खाली नवी गुलाबी कातडी. तोवर पंधरा दिवस कुणाला तोंड दाखवायची सोय नाही. आज ब्युटी क्लिनिकमध्ये केमिकल पील करतात तेच हे, फक्त डोस मोजायला कुणी नाही आणि भूल-बिल काही नाही. आणि गोरेपणाचा सोस बघा, ज्या बेटावर रंगावरून माणूस मालक की गुलाम हे ठरत होतं तिथे उन्हानं काळवंडणं म्हणजे नुसता सौंदर्याचा प्रश्न राहिलेला नसणार. आपल्याकडच्या फेअरनेस क्रीमच्या जाहिराती बघताना मला हल्ली त्या सुजलेल्या बायका आठवतात.

हे तेल उतवतं म्हणजे नेमकं काय करतं? दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे सरळ जाळणं, आम्लाचा चटका. दुसरी म्हणजे अ‍ॅलर्जी, आणि ही जास्त लबाड. तेलातले हे शेपटीवाले रेणू आपल्या कातडीतल्या प्रोटीनला चिकटतात आणि शरीराच्या पोलिसांना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, आपलंच प्रोटीन परकं वाटायला लागतं. पहिल्या खेपेला पोलीस फक्त चेहरा लक्षात ठेवतात. पुढच्या खेपेला एक-दोन दिवसांत फौजफाटा घेऊन येतात, मग खाज, पुरळ, पाणी भरलेले फोड. म्हणून एखादा म्हणतो मला काही होत नाही आणि दुसऱ्याला नुसत्या धुरानं सूज येते. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची वेल लोकांना हैराण करते, तिच्यातलं रसायन याच कुळातलं. आंब्याच्या चिकानं ओठ फुटतात तेही याच खानदानाचं, कारण आंबा आणि काजू वनस्पतीशास्त्रात एकाच घरातले.

मग बी भाजल्यावर काय होतं? उष्णतेनं अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिडमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरतं, ते बरंच सौम्य. आणि टरफल फुटून तेल बाहेर पळून जातं. म्हणून बी भाजायची, म्हणून धुरापासून पोरांना लांब ठेवायचं, म्हणून काजू फॅक्टरीत बिया फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळतात. दुकानात "रॉ" म्हणून मिळणारे काजूही वाफवलेलेच असतात. चूक झाली की काय होतं त्याचं उदाहरण १९८२ सालचं, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल क्लबनं निधी जमवायला मोझांबिकहून आलेल्या काजूंच्या पिशव्या विकल्या, त्यात टरफलाचे तुकडे राहिले होते, आणि ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठलं. बिचाऱ्यांनी काजू खाल्ला होता, अंगाला काही लावलं नव्हतं, तरीही.

मग कॅरिबियनमधल्या बायका हे तेल वापरतात ते कसं? तर माझ्या आजीसारखंच. थेंबभर, काडीनं, फक्त त्या जागेवर, आजूबाजूची कातडी वाचवून, आणि तेही टाचेसारख्या जाड ठिकाणी. औषध आणि विष यांच्यात फरक त्या काडीचा आहे. आता इंटरनेटवर कुणीतरी "चामखिळीवर काजूचं तेल, जादूसारखा असर" असं टाकतं तेव्हा त्यात काडी नसते, आणि लोक ते पापणीजवळच्या चामखिळीला लावून बसतात. कृपा करून चेहऱ्याच्या जवळपास हे तेल नेऊ नका.

जे आपल्याकडे काढ्याचे भक्त आहेत त्यांच्यासाठीही दोन गोष्टी, कारण "बुश टी नॅचरल आहे, काही होणार नाही" हे वाक्य जमैकात फार महागात पडलेलं आहे. १९५० च्या दशकात तिथल्या लहान मुलांमध्ये लिव्हरचा एक विचित्र आजार दिसायला लागला, पोट फुगायचं, लिव्हरमधल्या बारीक शिरा बंद व्हायच्या. किंग्स्टनच्या डॉक्टरांनी माग काढत काढत बुश टीपर्यंत आणला. त्यातला एक गुन्हेगार पाला होता क्रोटालेरिया, म्हणजे आपला खुळखुळा, शेंगा वाळल्या की वाजणारा, आपल्या माळरानावरही दिसतो. काजूचा त्यात दोष नव्हता. पण भांडं तेच, विश्वास तोच, आणि पाला ओळखण्यात किंवा निवडण्यात झालेली चूक पोरांच्या लिव्हरवर.

दुसरी गोष्ट सालीच्या काढ्याची. वर सांगितलं तसं तो गळती जरा रोखतो, साध्या पोट बिघडण्यात ठीक आहे. पण हैतीत २०१० च्या ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला तेव्हा पुढच्या काही वर्षांत ८ लाखांच्या वर लोक आजारी पडले आणि सरकारी आकड्यानुसार जवळजवळ १० हजार गेले. कॉलऱ्यात शरीरातून तासाला लिटरच्या हिशेबानं पाणी जाऊ शकतं, तिथे टॅनिनची साय काय पुरणार. तिथे मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस आणि सलाईन, दुसरं काही नाही. लहान पोराला जुलाब असतील तर आधी ओआरएस सुरू करा, रक्त पडत असेल, पोर मलूल झालं असेल तर डॉक्टर गाठा, काढ्याची चर्चा नंतर. साल आणि पानांचा काढा शुगरसाठीही बरेच जण पितात, त्यावर झालेले प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत, आणि शुगरची गोळी चालू असताना वरून असा काढा प्यायचा म्हणजे डॉक्टरला न सांगता डोस बदलल्यासारखंच. गरोदर बायकांनी तर नादीच लागू नये.

आता परत आजीकडे येते, कारण एक प्रश्न उरलाच. आजीला हे कुणी शिकवलं? कॅरिबियनहून तर कुणी सांगायला आलं नव्हतं. काजू आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ साली इथल्या औषधी झाडांवर एवढा मोठा ग्रंथ छापला, त्यात काजू नाही. १५७८ साली क्रिश्तोवाँ द कॉस्तानं आपल्या पुस्तकात कोचीनच्या बागांमधल्या काजूचा उल्लेख केला. म्हणजे झाड तसं परवाचं, चार-साडेचारशे वर्षांचं. मग एवढ्यात भेगेला टरफलाचं तेल ही अक्कल आली कुठून?

उत्तर बिब्ब्यात आहे. घाटावरच्या कुणालाही विचारा, पायाला भेगा पडल्या की बिब्बा गरम करून त्याचं तेल भेगेत सोडतात, आणि बिब्बा उतला की काय होतं हेही तेच सांगतील. परीट कपड्यांवर न जाणारी खूण करायचे ती बिब्ब्याच्याच तेलाची, आणि वेस्ट इंडीजमध्ये काजूच्या रसानं कपड्यांवर अशीच पक्की खूण करायचे. बिब्बा, काजू, आंबा, सगळे एकाच कुळातले, तेलातली रसायनंही एकमेकांची नातलग. तेव्हा समुद्रापलीकडून हे नवीन झाड आलं, त्याच्या टरफलाचं तेल हाताला लागलं, हात उतले, आणि इथल्या बायकांनी ओळखलं असणार की अरे, हा तर बिब्ब्याचा भाऊ. निदान माझा अंदाज तरी तसा आहे. जे बिब्ब्याचं करतो ते याचं करू.

आणि हे फक्त आपल्या बायकांनीच ओळखलं असं नाही. काजूचं शास्त्रीय नाव अ‍ॅनाकार्डियम. हे नाव मुळात काजूचं नव्हतंच, युरोपातले जुने औषधवाले अ‍ॅनाकार्डियम म्हणायचे ते बिब्ब्याला, अरबांकडून त्यांच्यापर्यंत पोचलेल्या, हृदयासारख्या दिसणाऱ्या आपल्या बिब्ब्याला. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली ते काजूला देऊन टाकलं. बिब्ब्याच्या नावात ते आता मागे उरलंय, सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम, माहेरचं नाव लावल्यासारखं. आजी असती तर तिला हे सांगितलं असतं, ती म्हणाली असती, "मगे काय तर."